अमेरिकेतल्या हॉस्पिटलात आपला डॉक्टर नेमका कोण?

मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या आईला रात्री अचानक धाप लागते. ९११ला फोन, ॲम्ब्युलन्स, इमर्जन्सीत रक्ताच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे, आणि पहाटे कधीतरी तिला वरच्या मजल्यावर दाखल करून घेतात. सकाळी एक तरुण डॉक्टर खोलीत येते, "मी तुमची हॉस्पिटलिस्ट" असं सांगते, बोलते, तपासते आणि जाते. तोवर इकडून मामांचा फोन आलेला असतो: "हार्टचे मोठे डॉक्टर बघून गेले का? आणि ही कोण मध्येच?"

ती मध्येच आलेली नाही. आईची मुख्य डॉक्टर तीच आहे. हार्टचे डॉक्टर येतील, पण तिने बोलावलं म्हणून, आणि सल्ला देऊन जातील. कोणतं औषध सुरू करायचं, कोणतं थांबवायचं, कुठली तपासणी खरंच हवी, घरी कधी सोडायचं, हे सगळं तिच्या नावावर. तिचा बाहेर दवाखाना नसतो, ओपीडी नसते. दाखल झालेले पेशंट बघणं एवढंच तिचं काम, आणि शिफ्ट संपेपर्यंत ती त्याच इमारतीत असते.

आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण आपल्या डोक्यात वेगळी पद्धत पक्की बसलेली आहे. पुण्या-नाशिकच्या खासगी हॉस्पिटलात पेशंट कन्सल्टंटच्या नावाने ॲडमिट होतो. सर सकाळी राउंडला येतात, जमलं तर संध्याकाळी पुन्हा येतात, आणि मधल्या वेळात वॉर्ड आरएमओच्या, म्हणजे हॉस्पिटलने ड्यूटीला ठेवलेल्या डॉक्टरच्या हवाली. हा आरएमओ अनेक ठिकाणी बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला असतो आणि काही झालं की सरांना फोन लावतो. नातेवाइकांचा निम्मा दिवस "सर आले का?" या प्रश्नात जातो. आयसीयूत पूर्णवेळ इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे अतिदक्षतेचा तज्ज्ञ, असण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे, वॉर्डात मात्र तेवढी नाही. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात चोवीस तास दिसतो तो निवासी डॉक्टर, पण तो शिकतोय आणि त्याच्यावर युनिटचे हेड आहेत, हे घरच्यांनाही ठाऊक असतं.

अमेरिकेतही १९९०च्या दशकापर्यंत साधारण असंच चालायचं. फॅमिली डॉक्टर सकाळी दवाखाना उघडण्याआधी हॉस्पिटलात चक्कर मारायचा, आपले दोन-चार पेशंट बघायचा, संध्याकाळी जमलं तर परत. पेशंट त्याच्या वीस वर्षांच्या ओळखीचा असायचा. मग ही पद्धत मोडली कशी? एका वाक्यात सांगायचं तर पैशाने मोडली.

१९८३मध्ये मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने, हॉस्पिटलांना पैसे द्यायची रीत बदलली. आधी जेवढा खर्च तेवढं बिल. आता प्रत्येक प्रकारच्या आजाराला एक ठरलेली रक्कम. न्यूमोनियाचा पेशंट चार दिवसांत बरा झाला तरी तेवढेच आणि नऊ दिवस राहिला तरी जवळपास तेवढेच. रातोरात हॉस्पिटलच्या दृष्टीने प्रत्येक जादा दिवस तोट्याचा झाला. सकाळी साडेसातला रिपोर्ट बघून गेलेला डॉक्टर पुढचा निर्णय संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी घेणार, तोवर खाट अडून राहणार, हे परवडेनासं झालं. त्यातच साधे आजार बाहेरच्या बाहेर बरे व्हायला लागले. दाखल व्हायचे ते खरोखर गंभीर, पाच-सहा आजार एकत्र असलेले. अशा पेशंटकडे दुपारी दोन वाजताही कुणीतरी बघायला हवं. फॅमिली डॉक्टरच्या बाजूने पाहिलं, तर हॉस्पिटलात एखादाच पेशंट असताना रोज तासभर गाडी चालवण्यात त्याचंही नुकसानच होतं.

ऑगस्ट १९९६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटा लेख लिहून या नव्या डॉक्टरला हॉस्पिटलिस्ट हे नाव दिलं. काही ठिकाणी असे डॉक्टर आधीपासून होतेच. पण नाव मिळालं आणि पुढच्याच वर्षी त्यांची देशपातळीवरची संघटनाही उभी राहिली. २००३मध्ये निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, तेव्हा मोठ्या टीचिंग हॉस्पिटलांनाही ती पोकळी भरायला माणसं हवी झाली. २०१६मध्ये त्याच दोघांनी त्याच नियतकालिकात आढावा घेतला तेव्हा अमेरिकेत ५०,०००हून जास्त हॉस्पिटलिस्ट होते, म्हणजे कार्डिऑलॉजिस्टांच्या दुपटीहून अधिक, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश हॉस्पिटलांत ते काम करत होते. वैद्यकातली कुठलीही शाखा इतक्या झपाट्याने वाढलेली नाही, असं म्हटलं जातं ते उगाच नाही.

शिक्षणाचं म्हणाल, तर बहुतेक जण इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी केलेले असतात, काही फॅमिली मेडिसिनमधले. म्हणजे आपल्या भाषेत फिजिशियन, एमडी मेडिसिन. "नुसता हॉस्पिटलचा डॉक्टर" असं समजून त्याला आरएमओच्या रांगेत बसवू नये.

हा डॉक्टर दिवसभर करतो काय?

बऱ्याच ठिकाणी सकाळी सात ते संध्याकाळी सात अशी शिफ्ट असते. सात दिवस सलग काम, सात दिवस सुट्टी. एकेका डॉक्टरकडे पंधरा ते वीस पेशंट. रात्री वेगळा डॉक्टर, त्याला तिथे नॉक्टर्निस्ट म्हणतात. आधी लिहिलेल्या आईला पहाटे दाखल करून घेणारा तोच.

समजा या आईचं वय ७४. मधुमेह जुना, हृदयाची पंपिंग क्षमता कमी, किडनी थोडी अशक्त. फुप्फुसात पाणी साठलंय, पायांवर सूज आहे आणि एक्स-रेत न्यूमोनियाचीही शंका. लघवीवाटे पाणी काढायला फ्युरोसेमाइडची इंजेक्शनं सुरू होतात, जोडीला अँटिबायोटिक. दोन दिवसांत सूज उतरायला लागते, पण क्रिएटिनिन, म्हणजे किडनीवर ताण आला की वाढणारा रक्तातला आकडा, १.४वरून १.९वर जातं. किडनीचे डॉक्टर लिहून जातात, इंजेक्शन जपून द्या. हार्टचे डॉक्टर लिहून जातात, पाणी अजून आहे, चालू ठेवा. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघांच्या नोटा एकाच चार्टमध्ये.

हॉस्पिटलिस्टचं खरं काम इथे सुरू होतं. ती रोज सकाळचं वजन बघते, चोवीस तासांत लघवी किती झाली ते बघते, मानेची शीर फुगलेली आहे का, छातीत खरखर कुठपर्यंत ऐकू येते, आई उशीशिवाय आडवी झोपू शकते का, हे बघते. पाणी खरोखर उतरत असेल आणि माणूस सुधारत असेल, तर क्रिएटिनिन थोडं वाढलं तरी अनेकदा ते सोसून उपचार पुढे नेतात. वजन हलतच नसेल आणि आकडा चढतोय, तर गोष्ट वेगळी. दोन्ही तज्ज्ञांना फोन करून ती एक निर्णय घेते आणि नर्सला सांगते. घरच्यांना हा निर्णय एका ओळीत कळतो: "इंजेक्शन आजही देणार आहोत." त्यामागची ओढाताण कळत नाही.

दुसरी कामं तर अजिबातच नजरेत भरत नाहीत. घरी चालू असलेलं मेटफॉर्मिन हॉस्पिटलात असेतो बंद करून साखर इन्सुलिनवर सांभाळायची. पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात हेपॅरिनचं छोटं इंजेक्शन द्यायचं. लघवीची नळी गरज संपली की लगेच काढायची, कारण ती जितके दिवस राहील तितकी जंतुसंसर्गाची भीती. आणि म्हाताऱ्या माणसाची रात्र सांभाळायची. अनोळखी खोली, मशीनचे आवाज, चष्मा कपाटात, कानाचं यंत्र डब्यात, भाषा परकी. तिसऱ्या रात्री आई असंबद्ध बोलू लागते, कोपऱ्यात तिला माणसं दिसतात. घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. बहुतेकदा हा डिलिरियम, म्हणजे आजारपणात येणारा तात्पुरता भ्रम, असतो आणि मूळ कारण हाताळलं की उतरतो. झोपेची गोळी, किंवा तिथे दुकानात सहज मिळणारं डायफेनहायड्रामिन हे झोप आणणारं ॲलर्जीचं औषध, यांनी तो उलट बळावतो. चष्मा डोळ्यांवर, दिवसा खिडकीचा पडदा उघडा, उशाशी मराठीत बोलणारं माणूस, हा त्यावरचा उपचारच आहे. मुलाने रात्री खोलीत थांबावं असं हॉस्पिटलिस्ट सुचवते तेव्हा ती नर्स कमी आहेत म्हणून सुचवत नसते.

सकाळी दहा-अकराच्या सुमारास एक छोटी बैठक होते. नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, सोशल वर्कर आणि घरी सोडण्याची तयारी बघणारी केस मॅनेजर. एकेक पेशंट, मिनिट-दोन मिनिटं. प्रत्येकाबाबत एक प्रश्न ठरलेला: हा पेशंट आज इथे का आहे, आणि घरी जायला काय आडवं येतंय? पेशंट ॲडमिट झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी केस मॅनेजर घरात जिना किती पायऱ्यांचा, बाथरूम कुठल्या मजल्यावर असं विचारायला लागते, आणि आपल्या माणसांना वाटतं, हे आत्ताच हाकलायला निघाले. थोडं तथ्य त्यात आहे, कारण खाटेचं गणित वर सांगितलंच. पण दुसरी बाजूही आहे. ऑक्टोबर २०१२पासून, काही ठरावीक आजारांत पेशंट तीस दिवसांत पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण जास्त असेल तर मेडिकेअर हॉस्पिटलचे पैसे कापतं, जास्तीत जास्त तीन टक्क्यांपर्यंत. म्हणजे लवकर सोडलं तर पंचाईत, उशिरा सोडलं तरी. हॉस्पिटलिस्ट या दोन्हींच्या मधोमध.

फायदा झाला का?

झाला, पण सांगितला जातो तेवढा मोठा नाही. २००७मध्ये ४५ हॉस्पिटलांतल्या सुमारे ७७,००० पेशंटांची नोंद तपासली गेली. हॉस्पिटलिस्टांचे पेशंट इतर फिजिशियनांच्या पेशंटांपेक्षा सरासरी ०.४ दिवस आधी घरी गेले आणि खर्च २६८ डॉलर कमी आला. मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. २०११मध्ये मेडिकेअरच्या पेशंटांचा जो अभ्यास आला त्याने मात्र अनेकांचे डोळे उघडले. हॉस्पिटलातला खर्च साधारण २८२ डॉलरने कमी, पण घरी सोडल्यानंतरच्या महिन्याभरातला खर्च ३३२ डॉलरने जास्त. हे पेशंट इमर्जन्सीत परत येण्याचं, पुन्हा दाखल होण्याचं प्रमाणही थोडं अधिक. माझ्या मते ही दोन आकड्यांची जोडी हॉस्पिटलिस्ट पद्धतीचं सगळ्यात प्रामाणिक वर्णन आहे. आत काम चोख, आणि दाराबाहेर पडताना काहीतरी सांडतं.

सांडतं, कारण हा डॉक्टर पेशंटला आधी ओळखत नव्हता आणि नंतरही भेटणार नाही. वीस वर्षं बघणाऱ्या डॉक्टरला ठाऊक असतं की या बाईंना अमुक गोळीने चक्कर येते, की "बरं आहे" म्हणाल्या तर मुळीच बरं नसतं. हॉस्पिटलिस्टला ते शून्यातून गोळा करावं लागतं. शिवाय तो स्वतःही बदलत राहतो. रात्रीचा सकाळच्याला सांगतो, सकाळचा रात्रीच्याला, आणि आठवडा संपला की सगळे पेशंट एकदम नव्या डॉक्टरकडे. कानोकानी गेलेल्या निरोपाचं जे होतं तेच इथे होऊ शकतं. "काल वेगळं सांगितलं होतं" ही तक्रार बहुतेक वेळा बदलाच्या दिवशी ऐकू येते.

वैद्यकातल्या लोकांना हे नीट माहीत आहे. म्हणून निरोप द्यायचाही साचा ठरवला गेला. त्यातला आय-पास नावाचा साचा प्रसिद्ध आहे. पेशंट किती गंभीर, थोडक्यात हकिगत, काय करायचं बाकी, रात्री काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. २०१४मध्ये नऊ हॉस्पिटलांतल्या बालरोग विभागांच्या निवासी डॉक्टरांबाबत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. नवं औषध नाही, मशीन नाही, नुसतं नीट सांगणं आणि नीट ऐकणं.

आपल्या घरांना अडखळवणाऱ्या गोष्टी

पहिल्याच रात्री एक प्रश्न येतो आणि तो ऐकून मुलांचे हातपाय गळतात: "हृदय बंद पडलं, श्वास थांबला, तर छाती दाबून आणि व्हेंटिलेटर लावून प्रयत्न करायचे का?" हा प्रश्न आईची तब्येत फार वाईट आहे म्हणून विचारलेला नसतो. दाखल होणाऱ्या मोठ्या माणसांना तो सर्रास विचारतात. उत्तर नोंदवलेलं नसेल तर सगळे प्रयत्न करायचे हेच गृहीत असतं. आणि आई शुद्धीवर असेल तर प्रश्न तिला विचारतात, मुलाला नाही.

इथूनच दुसरी अडचण. "आईला सांगू नका, ती खचेल" हे आपल्याकडे सहज चालतं. तिथला डॉक्टर ते परस्पर मान्य करणार नाही. तो आईलाच विचारेल की तुम्हाला सगळं कळायला हवंय की मुलाशी बोलू? ती "मुलाशी बोला" म्हणाली तर मात्र तो खुशाल मुलाशी बोलेल. हे विचारण्यासाठी हॉस्पिटल दुभाषी देतं, फोनवर किंवा स्क्रीनवर, मराठीचाही, आणि त्याचे पैसे लागत नाहीत. सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलांवर ते कायद्याने बंधनकारक आहे. तरी आपण "मीच सांगतो ना" म्हणून पुढे होतो. मुलगा भाषांतर करताना नकोसा भाग गाळतो, आईही मुलासमोर लघवी-शौचाच्या तक्रारी सांगत नाही, आणि डॉक्टरला अर्धीच हकिगत मिळते.

एक कागदी घोळ मेडिकेअरवाल्यांना माहीत असायला हवा. अमेरिकेत १९६०-७०च्या दशकांत गेलेली मराठी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, त्यांना तर नक्कीच. खाटेवर झोपलोय, सलाईन लागलंय, तरी कागदोपत्री आपण 'ऑब्झर्व्हेशन'वर, म्हणजे दाखल न झालेले, असू शकतो. साधारण नियम असा की डॉक्टरच्या अंदाजाने मुक्काम दोन मध्यरात्री ओलांडणार असेल तरच दाखल धरायचं. फरक बिलात पडतो. पुढे नर्सिंग फॅसिलिटीत, म्हणजे हॉस्पिटलनंतर काही दिवस शुश्रूषा करणाऱ्या केंद्रात, जायची वेळ आली तर मूळ मेडिकेअर त्याआधी तीन दिवस रीतसर दाखल असण्याची अट घालतं, आणि ऑब्झर्व्हेशनचे दिवस त्यात धरत नाहीत. हॉस्पिटलिस्टला थेट विचारावं: इनपेशंट की ऑब्झर्व्हेशन?

मुलं मोबाइलवर रिपोर्ट बघतात, हेही आता नित्याचं. एप्रिल २०२१पासून अमेरिकेत पेशंटला आपल्या नोटा आणि रिपोर्ट जवळपास लगेच दिसू लागले आहेत, कधीकधी डॉक्टरने उघडायच्या आधी. लाल अक्षरातला प्रत्येक आकडा म्हणजे संकट नव्हे, हे रात्री अकरा वाजता कुणाला पटत नाही.

या खोल्यांमध्ये भारतीय आडनावाचा डॉक्टर भेटण्याची शक्यता बरीच असते. भारतात एमबीबीएस करून, तिथे रेसिडेन्सी करून हॉस्पिटलिस्ट झालेले खूप आहेत. जे-१ या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर शिकलेल्यांना मायदेशी परतायची अट टाळायची तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करावं लागतं. त्यासाठी प्रत्येक राज्याला वर्षाला तीस जागा आहेत, त्यामुळे लहान गावातल्या हॉस्पिटलात हे डॉक्टर हमखास दिसतात. अशा ठिकाणी वॉर्डही तेच बघतात आणि बऱ्याचदा आयसीयूही. कुणाला "परदेशी शिकलेला चालेल का?" अशी शंका असेल, तर २०१७मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात, अमेरिकेबाहेर वैद्यकीय पदवी घेतलेल्या फिजिशियनांच्या मेडिकेअर पेशंटांचा तीस दिवसांतला मृत्युदर ११.२ टक्के होता आणि अमेरिकेत शिकलेल्यांच्या पेशंटांचा ११.६.

घरी जाताना

अमेरिकेत राहणाऱ्या पेशंटचा डिस्चार्जचा गोषवारा त्याच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जातो, किमान जावा अशी अपेक्षा असते. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईला तिथे नेहमीचा डॉक्टरच नसतो. तिचा डॉक्टर नाशिकला. हॉस्पिटलिस्ट त्याला ओळखत नाही आणि तिची कॉम्प्युटर प्रणाली त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून ते कागद घरच्यांनीच न्यायचे: डिस्चार्ज समरी, ईसीजी, इको आणि स्कॅनचे लेखी रिपोर्ट, स्कॅनची सीडी. सगळ्यात महत्त्वाची औषधांची यादी, पण तीन भागांत: नवीन सुरू केलेली, डोस बदललेली, थांबवलेली. थांबवलेल्यांपुढे कारण आणि पुन्हा कधी सुरू करायची ते लिहून मागावं. रक्तदाब उतरला म्हणून चार दिवसांसाठी बंद केलेली गोळी पुढे सहा महिने कुणीच सुरू करत नाही, असं खरोखर होतं.

नावं ब्रँडची नकोत, मूळ औषधाची हवीत. त्यातही काही नावं तिथे वेगळी आहेत. ॲसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल आणि पंपातलं अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल. घरी दोन्ही नावांची पाकिटं असली तर माणूस दोन्ही घेतो.

आणि दोन प्रश्न डिस्चार्जच्या सहीआधी विचारावेत. कुठला रिपोर्ट यायचा बाकी आहे, आणि तो आल्यावर कोण कुणाला फोन करणार? कल्चरचा, म्हणजे नमुन्यात जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट पेशंट घरी गेल्यावर दोन दिवसांनी येतो, तोवर हॉस्पिटलिस्टची सात दिवसांची सुट्टी सुरू झालेली असते. दुसरा: स्कॅनमध्ये मूळ आजाराशी संबंध नसलेलं काही दिसलं का? न्यूमोनियासाठी काढलेल्या सीटीत फुप्फुसावर सहा-आठ मिलिमीटरची गाठ दिसणं अजिबात दुर्मीळ नाही. बहुतेक निरुपद्रवी निघतात, पण काही महिन्यांनी पुन्हा सीटी करून बघा असं रिपोर्टच्या तळाशी एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ नाशिकच्या डॉक्टरांना दाखवावी, कारण ती तारीख येईल तेव्हा आई भारतात असेल.